व्यासाच्या जागी त्रिज्या

सोमवार, १८ ऑगस्ट

चोर! धुळ्याचा तो अखिल सर — चोरच!

पलकने डोळे फोडून केलेलं काम, आणि पुण्याच्या परिषदेत वाचायच्या पेपरवर नावं दोनच. सरांचं आणि त्यांच्या भाच्याचं, संयमचं. पोरगी धुळ्याहून जळगावला आली ती रडतच. "मम्मी, ते गाइड आहेत. बोलले तर पीएचडी अडकेल."

काम काय, ते मला मॅट्रिकवालीलाही समजलंय. केसाएवढा काचेचा तंतू, आत लांबीभर बारीक भोकं. एका रंगाचा उजेड घालायचा, दुसऱ्या रंगाचा काढायचा. रंग मागेपुढे पळतात, पांगतात. भोकांचं माप नेमकं असलं तर बरोबरीने चालतात — तेव्हाच रंग बदलतो.

बुधवार, २० ऑगस्ट

पर्युषणाच्या पहिल्याच दिवशी प्रभूंनी ऐकलं!

सरांनी उचलली ती पलकची जुनी फाईल. तीत भोकाच्या व्यासाच्या जागी त्रिज्या पडलीय. म्हणजे सगळे रंग खोटे! पलक म्हणते, "सरांना सांगायला हवं. परिषदेत कोणी ना कोणी पकडेलच."

तिचा हात माझ्या डोक्यावर ठेवला. "माझी शपथ आहे तुला. एक शब्द बोलायचा नाही."

शुक्रवार, २२ ऑगस्ट

आसन घालून ध्यानाला बसले होते. हे म्हणाले, "सामायिक करतेस की कट शिजवतेस?"

दोन्ही!

बुधवार, २७ ऑगस्ट

संवत्सरी, पर्युषणाचा शेवटचा, क्षमा मागायचा दिवस. जावेची क्षमा मागितली, वरच्या लताबाईंची मागितली. भांडीवाल्या भिकुबाईपुढेही हात जोडले. ती लाजली — "अक्का, तुमनं काय चुकनं वं?"

पलक अठ्ठाईच्या, आठ दिवसांच्या उपासाने निजली होती. तिचा मोबाईल वाजला, मी उचलला. अखिल सर! "भाभी, मिच्छामि दुक्कडम्. पेपरचं पलकशी जरा —"

कापला. पुन्हा वाजला, पुन्हा कापला. मग नंबरच ब्लॉक केला, तेवढं येतं मला. पलकला सांगितलं नाही. परिषद होईपर्यंत धुळ्याला पाठवणारही नाही — अशक्तपणा आहे म्हणेन.

सगळ्यांना क्षमा. त्याला नाही! दोष लागला तर लागो, फेडीन पुढच्या जन्मी.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

आज पुण्याला परिषद. शिरा केला. तूप घालताना हात आखडला नाही. पलकने दोन घास खाल्ले न खाल्ले.

शनिवार, १३ सप्टेंबर

चूक पकडली. भर सभेत.

पेपरवर पहिलं नाव पलकचं होतं. संवत्सरीला सरांनी संयमचं काढून तिचं घातलं.

ती सारखी विचारतेय, "मम्मी, सरांनी मला कळवलं कसं नाही?"