एकतीस वर्षांच्या तक्रारी

शुक्रवार, २ मे २०१४

सित उस्तादांनी आज माझ्या सगळ्या तक्रारी लेखी मागितल्या, म्हणून वह्या आणल्या. त्यांना द्यायची ती निळी. ही माझी.

इमारत पाडणार आहेत. उस्तादांच्या 'शुन हिंग' या भाजलेल्या हंसाच्या दुकानाला जूनअखेर जागा सोडायची. वाय-लामने — उस्तादांची लेक, वय तेहेतीस, जीवशास्त्रात माझ्याकडे दोनदा नापास — दोन गल्ल्या सोडून गाळा पाहिलाय. तिथे तिला स्वतःची भट्टी लावायचीय. उस्ताद म्हणतात, भट्टी माझ्याबरोबरच विझणार. आज भर दुपारच्या गर्दीत बापलेकीची जुंपली.

"तुला जन्म देण्यापेक्षा भाजलेल्या डुकराचा तुकडा जन्माला घातला असता तर बरं! खाता तरी आला असता!"

"मग लटकवा मलाच आकड्याला!"

माझ्या टेबलाला बसलेले दोन अनोळखी टॅक्सीवाले खो खो हसले. मी जेवायच्या काड्या टेबलावर आपटल्या. सगळं दुकान गप्प! एवढं अजून जमतं.

उस्ताद सत्तूर पुसत आले. "बाई, तुम्हीच ठरवा. एकतीस वर्षं माझ्या हंसाला नावं ठेवलीत. ती सगळी लिहून हिला द्या. जूनअखेरपर्यंत हिचा हंस तुमच्याकडे पास झाला, तर भट्टी हिची. नाहीतर आकडे भंगारात."

हो म्हटलं. पास ऐंशीला. मी फुकटचे गुण देत नाही, हे दोघांनाही माहीत आहे.

रविवार, ४ मे

बसले तक्रारी लिहायला, आणि आठवतंय भलतंच!

१९८३. आम्ही 'तो क्वा वान' वस्तीत नवे. ह्यांनी हौसेने नेलं. पहिल्याच घासाला मी म्हटलं, "नूडल्स पाण्यात अर्धा मिनिट जास्त राहिल्यात." उस्ताद तेव्हा तिशीतले. आतून ओरडले, "घड्याळ लावून बसलात का?" मी मनगट वर करून घड्याळ दाखवलं. हे टेबलाखालून माझा पाय दाबतायत! पुढच्या शुक्रवारी नूडल्स बरोब्बर.

मग तंगडीचं प्रकरण. हंस म्हणे उजव्या पायावर उभा राहून झोपतो, म्हणून डावी तंगडी मऊ. जो तो डावीच मागतो. मी भर दुकानात सांगितलं — हंस पाय बदलतो. थोतांड आहे! मला उजवी द्या. तेव्हापासून उजवी तंगडी बाईंची.

आणि ते वादळ! आठ नंबरचा बावटा लागलेला, शटर अर्धं खाली, आत आम्ही अकराजण अडकलेले. बाहेर पाट्या उडतायत आणि आत ह्यांनी माहजाँगचा डाव मांडलेला. गिऱ्हाईक येणार नाही म्हणून उस्तादांनी होतं नव्हतं ते सगळं चिरलं. डुकराच्या मांसाच्या करपलेल्या गोड कडा लोक ताटातून पळवत होते, मीही दोन पळवल्या. त्या दिवशी हंसाची कातडी दाताखाली कशी वाजली! ब्याण्णव दिले. त्याच्या वर कधीच नाही, कुणालाच नाही.

हे गेल्यावर पहिल्या शुक्रवारी मी एकटीच गेले. उस्तादांनी दोन कप आणले, रिवाजाप्रमाणे दोन्ही चहाने विसळले आणि एक ह्यांच्या जागी ठेवला. ती एक गोष्ट निळ्या वहीत घालता येणार नाही. त्यात तक्रार नाही.

पूर्वी मात्र ते प्रत्येक तक्रारीला भांडायचे. "बाई, जिभेवर खडू साचलाय तुमच्या!" तीन वर्षांपूर्वी दोन महिने गावी जाऊन आले, तेव्हापासून एकदाही नाही. पुढ्यात उभे राहतात, "आज कसा?" विचारतात, ऐकतात, मान डोलावतात. शेवटी पटलं म्हणायचं! अठ्ठावीस वर्षं लागली.

शुक्रवार, ९ मे

वाय-लामचा पहिला हंस. अडतीस.

कातडी चामड्यासारखी — पंख्याखाली पुरता वाळवला नाही. पोटाची शिवण उसवून मसाला भट्टीत सांडलेला. चक्रफूल इतकं, की वैद्याच्या दुकानात बसल्यासारखं वाटलं.

"बाबांना कधी शंभर दिलेत?"

"नाही."

"मग मला एवढे कमी का?"

"बाबांची शिवण उसवत नाही."

रडली नाही. दोनदा नापास झाली तेव्हाही रडली नव्हती.

शनिवार, १० मे

निळी वही दिली. चौसष्ट पानं. तिने उभ्याउभ्याच चाळली. म्हणते, "बाई, हे तर प्रेमपत्र आहे."

वाह्यात मुलगी.

शुक्रवार, १६ मे

चोपन्न. शिवण टिकली.

शुक्रवार, ३० मे

सदुसष्ट. मीठ मांड्यांपर्यंत पोचत नाही. तिला दाखवलं. "आतून चोळताना हात कुठपर्यंत जातो?" तिने मनगट दाखवलं. म्हटलं, कोपरापर्यंत घाल! शेजारच्या टेबलावरच्या बाईने कपातला चहा सांडला.

सोमवार, २ जून

होड्यांच्या शर्यतीचा सण. वाय-लामने पानात बांधलेले चिकट भाताचे चार मुटके पाठवले. वर चिठ्ठी — "बाई, हे तपासू नका."

तपासले. मीठ कमी.

शुक्रवार, १३ जून

शहात्तर.

चार गुण. फक्त चार! पोरीच्या दोन्ही हातांवर भाजल्याचे डाग. उस्ताद हंसाकडे बघतच नव्हते, माझ्या तोंडाकडे बघत होते. सगळं दुकान माझ्या पेन्सिलकडे. चार गुण कुठूनही काढता आले असते — कष्टाला दोन, शिवणीला दोन. चाळीस वर्षं शिकवलं, एकदाही असं केलं नाही.

दिले नाहीत.

संध्याकाळी घरी भात लावला. जेवले नाही.

शुक्रवार, २० जून

एकोणऐंशी. यावर काही लिहायचं नाही.

शुक्रवार, २७ जून

आज शेवटची संधी. रांग पार फार्मसीपर्यंत. जुने विद्यार्थी, टॅक्सीवाले, नातवंडं घेऊन आलेल्या आज्या. माझं टेबल राखून ठेवलेलं, तरी तीन अनोळखी लोक येऊन बसलेच. बसायलाच हवेत, इथे टेबल वाटूनच घेतात.

वाय-लामने स्वतः ताट आणलं. पहिला घास — कातडी वाजली. शेजारच्यानेही ऐकली. मीठ हाडापर्यंत. आलुबुखाराची चटणी घेतली नाही, गरजच पडली नाही. दुसरा घास घेतला. तिसराही घेतला, खरं तर गुण ठरले होते.

शहाऐंशी.

मोठ्याने सांगितलं. उस्तादांनी सत्तूर ओंडक्यात रोवला आणि मोरीकडे निघून गेले. बराच वेळ नळ चालू होता. लोक टाळ्या वाजवत होते. वाय-लाम मात्र आता रडली. निकाल लागल्यावर रडायचं काय कारण!

एक गोष्ट. घाईत तिने डावी तंगडी वाढली होती. मी परत पाठवली नाही. मऊ होती. उजवीपेक्षा मऊ. हे या वहीबाहेर जाणार नाही.

सोमवार, ३० जून

भट्टी थंड. उस्ताद एकेक वस्तू हातात देत होते, वाय-लाम टिपून घेत होती. शेवटी त्यांनी आपल्या जिभेला बोट लावलं. "ही तीन वर्षांपूर्वीच गेली. गावी नव्हतो गेलो, घशाला किरणं घेत होतो. मीठ की साखर, काही कळत नाही. शुक्रवारी बाई सांगतील ते ऐकायचं आणि आठवडाभर तसं करायचं, असं चाललं."

तिचं पेन थांबलं. मग ते पुढे सांगत गेले, तिने लिहिलं, दोघांनी सह्या केल्या. मला कुणी विचारलंसुद्धा नाही! नोंद अशी:

आकडे बावीस. सत्तूर दोन. ओंडका एक. शिवणीची सुई एक. निळी वही एक. मोक बाई — दर शुक्रवारी, साडेबाराला. तंगडी उजवी. डावीही चालते.