तुरटीची घडी

३ जून

नाही म्हणजे नाही! बीएस्सीचा अर्ज बाबांनी स्वतः आणला, स्वतः भरला, फक्त माझ्या सहीची जागा सोडली. अक्षर तेच — लॅबमधल्या बाटल्यांवरच्या लेबलांचं. जणू मीही एक बाटली, आणि आत काय आहे ते त्यांनी ठरवून टाकलंय!

मी कपाटातून बीएचा अर्ज काढून शेजारी ठेवला. विषय इतिहास. त्यावर पालकांची सही लागते. "ती मिळायची नाही," बाबा म्हणाले. वीस तारीख शेवटची.

५ जून

आत्या आली होती. ती नर्स, त्यामुळे सगळ्या घराची नाडी आपल्यालाच कळते असा तिचा समज. "केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला पैकीच्या पैकी! आणि ही चालली सनावळ्या पाठ करायला. बीए करून काय दिवे लावणार आहेस गं?"

म्हटलं, लावले की बघायला बोलावते. आईनं हसू लपवायला नळ सोडला. बाबा हसले नाहीत. ते पैकीच्या पैकी त्यांनी प्राचार्यांपासून वॉचमनपर्यंत सगळ्यांना सांगून टाकलेत.

८ जून

अबोला. मीठ मागायचं तरी आईमार्फत. ठीक आहे — अळणी खाईन!

९ जून

बाबांचं म्हणणं मला कळत नाही असं नाही. सव्वीस वर्षं आमच्याच कॉलेजच्या लॅबमध्ये अटेंडंट. दुसऱ्यांच्या पोरांच्या टेस्ट ट्यूब धुवून बोटांची कातडी गेली. "तू टेबलाच्या त्या बाजूला उभं राहायचंस" — हे मी चालायला लागल्यापासून ऐकतेय.

पण सुट्टीत मला लॅबमध्ये नेऊन बसवायचे तेव्हा मी काय करायचे? मोडतोडीचं रजिस्टर वाचायचे! चाळीस वर्षांपूर्वी कुणी काय फोडलं आणि कारण काय दिलं. 'हात ओला होता.' 'मागून धक्का लागला.' एकानं लिहिलंय, 'लक्ष खिडकीबाहेर होतं.' तो कोण, बाहेर काय होतं, पुढे त्याचं काय झालं — मला हे हवंय. फुटलेल्या काचेत काय होतं याच्याशी मला काही देणंघेणं नाही!

१४ जून

इथे तरी खरं लिहावं. ते पैकीच्या पैकी माझे नाहीत.

प्रॅक्टिकलला प्रत्येकाला सॉल्टची एक पुडी मिळते. पांढरी भुकटी; तपासण्या करून ती कशाची ते ओळखायचं. पुड्या बाबाच बांधतात, सगळ्या एकसारख्या. आदल्या दिवशी मी लॅबमध्ये सराव करत होते. एकच तपासणी पाचदा चुकले. बाबा मागे ट्यूब धूत होते. पाचही वेळा माझी ट्यूब त्यांनीच धुवून दिली.

परीक्षेत माझ्या नंबरची पुडी उचलली आणि थबकले. लहानपणी बाबा घरी एक खेळ खेळायचे — साखर, मीठ, तुरटी, प्रत्येकाच्या पुडीची घडी वेगळी, न उघडता ओळखायची. तुरटीच्या पुडीचं एक टोक आत दुमडलेलं असायचं. या पुडीचंही होतं! सवयीनं पडली असेल हातून. तुरटी म्हणजे अ‍ॅल्युमिनियम. एकही तपासणी न करता उत्तर लिहिलं, आणि तपासण्या पुस्तकात आहेत तशा उतरवल्या.

म्हणजे मी चोर. आणि त्या चोरीच्या जोरावर मला तीन वर्षं त्या टेबलापाशी उभं करणार? उभी राहणार नाही!

१८ जून

सांगितलं. बाबा शर्टाला इस्त्री करत होते. मी एका दमात बोलले — "तुमच्या हातून चुकून तुरटीची घडी पडली, मी त्यावरून लिहिलं. मला केमिस्ट्री येत नाही, बाबा. कधीच येत नव्हती. आता मिरवू नका." शेवटचं वाक्य नको होतं. पण गेलं तोंडातून.

त्यांनी इस्त्रीचं बटण बंद केलं. अर्धीच इस्त्री झालेला शर्ट खांद्यावर टाकून बाहेर जाऊन बसले. ओरडले असते तर बरं झालं असतं. ओरडण्याची उत्तरं माझ्याकडे तयार होती.

१९ जून

सही नाही. उद्या शेवटचा दिवस. सही न घेताच अर्ज घेऊन जाईन, खिडकीवर भांडेन. हरले तर एक वर्ष घरी बसेन — पण बीएस्सीच्या अर्जावर माझं नाव माझ्या हातानं यायचं नाही!

आज खूप रडले. हेही लिहून ठेवते.

२० जून

सकाळी टेबलावर बीएचा अर्ज. पालकांच्या रकान्यात सही. लेबलांचं अक्षर.

बाबा दारात बूट घालत होते. मान वर न करता म्हणाले, "सव्वीस वर्षांत माझी एकही घडी चुकलेली नाही. तुझी पुडीसुद्धा नाही." आणि कामावर गेले.