तिसऱ्या गाण्यातले तीन ठोके

मेम्फिस, सोमवार सकाळ

डेल्फीन हिस,

मोठ्या बहिणीचे आशीर्वाद, मागितले नसलेस तरी. गुडघे कसे आहेत? डेट्रॉइटच्या थंडीत ते दुखणारच, हे तू गेलीस तेव्हाच मी सांगितले होते. माझी प्रकृती ठणठणीत. रक्तदाब माझ्या डॉक्टरपेक्षा बरा आहे. शाळेतून निवृत्त झाल्यापासून भूमितीची उणीव भासते, मुलांची नाही.

लिहिण्याचे कारण लिनवुडची रेकॉर्ड, ‘दार लोटून घे’. तीच, जी आपल्या चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये आवाज चांगला घुमतो म्हणून लिनवुड साइक्सने तिथे मुद्रित केली, जिच्यात त्याच्यामागे तू गायलीस, आणि जी बाजारात आली तेव्हा मेम्फिसमध्ये कुत्र्यानेही विचारली नाही. न खपलेली खोकी कितीतरी वर्षे कोपऱ्यावरच्या ब्यूटी पार्लरमध्ये पायरी म्हणून होती. बुटक्या बायका त्यांवर पाय देऊन ड्रायरखाली बसत. मग न्हाव्यांच्या दुकानांतून ती वाजू लागली, मग समुद्रापलीकडचे लोक तिच्यासाठी पत्रे पाठवू लागले, आणि आता वर्तमानपत्रे लिहितात की सोल संगीतात अशी दुसरी झाली नाही. त्यांना एवढा उशीर का लागला असे तू विचारशील. माणसे मठ्ठ नसतात, उशिरा पोचतात; मी इतकी वर्षे वर्गात दुसरे काय पाहिले?

तर ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी त्याच तळघरात अख्खी रेकॉर्ड पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत गायची ठरली आहे. लिनवुड आता चर्चचा डीकन आहे, पाद्र्यांचा मदतनीस. आवाज निम्मा उरलाय, आणि एवढे मोठे गाणे आता एकदाच, अशी डॉक्टरांची तंबी आहे. म्हणून तो हट्टाला पेटला आहे: सगळे तेव्हासारखे हवे, नाहीतर गाणार नाही. सगळे म्हणजे तिसऱ्या गाण्यातले ते तीन ठोकेसुद्धा.

ते तुला आठवतात. (आठवत नाहीत असे कळवू नकोस, मला खोटे ओळखता येते.) बुधवारी संध्याकाळी हॉल चर्चच्या गायकवृंदाचा, आणि सरावाची जबाबदारी माझी. मी खाली उतरले तर दाराला आतून कडी, आणि आतून, लायब्ररीत जाते असे सांगून गेलेल्या माझ्या धाकट्या बहिणीचा आवाज. मी तीनदा दार ठोठावले. दचकून लिनवुडचा सूर असा वर चढला की त्यालाच तो पुन्हा सापडला नाही. टेप संपत आली होती, गाणे दुसऱ्यांदा घेता येईना, म्हणून ठोके तसेच राहिले. गाणे संपेपर्यंत तुम्ही दार उघडले नाही आणि मी जिन्यात उभी. त्याच आठवड्यात तू बस धरून डेट्रॉइट गाठलेस. मी बरोबर होते. हॉल आमच्या नावावर होता.

या ठोक्यांवर बेल्जियमच्या एका प्राध्यापकाने (दाढीवाला, सभ्य, मक्याचा कॉर्नब्रेडसुद्धा हाताने न खाता काट्याने खातो) मोठा लेख लिहिला आहे. पहिला ठोका म्हणजे नियती, दुसरा म्हणजे शेरीफ, तिसरा म्हणजे मृत्यू. मी त्यांना सांगितले, “तिन्ही वेळा मीच होते.” ते नम्रपणे म्हणाले, “असेही एक मत असू शकते.”

पहिली अडचण दाराची. चर्चने मध्यंतरी लोखंडी दार बसवले. त्यावर ठोठावले की बादली पडल्यासारखे वाटते. जुने ओकचे दार शोधता शोधता चर्चच्या पुरुष मंडळाच्या स्वयंपाकघरात सापडले. कित्येक वर्षे ती मंडळी त्यावर कॅटफिश मासे साफ करत होती. मी ते लिंबू आणि सोड्याने घासले, उन्हात ठेवले, पुन्हा घासले. बसवल्यावर गल्लीतली पिवळी मांजर जिन्यात येऊन बसली ती उठेचना. पाद्री म्हणाले, “असू दे, तीही देवाचीच.” देवाची असेल, पण दार चाटते.

दुसरी अडचण माझी. पहिल्या तालमीत मी तीन ठोके दिले. आतून लिनवुड ओरडला, “ओझेला, ही काय बँक आहे? जोरात!” मी जोर लावला तर कडी निखळून पडली. प्राध्यापक मला म्हणाले, नियतीचा विचार करा. मी म्हटले, नियतीला बोटांचा संधिवात नसतो. शेवटी मला राग यावा म्हणून लिनवुडने सर्वांसमोर सांगितले की माझा पाउंडकेक कोरडा असतो. मला इतका राग आला की ठोठावायचे विसरून मी सरळ आत गेले, आणि तो ढोलांच्या मागे लपला. (केक कोरडा नसतो. तो कॉफीबरोबर खायचा असतो.)

मग तो घाम पुसत म्हणाला, “नाही गं, राग नव्हता तो. राग मी ओळखतो, दोन लग्नं झालीत माझी. त्या दिवशीच्या बाईचं माणूस आत होतं. आता आत कोण आहे तुझं? मी आणि ढोलवाला.” हा मूर्खपणा ऐकत बसायला मला वेळ नव्हता. मी खुर्च्या लावल्या आणि घरी आले.

तर इकडचे हे असे आहे. काळजीचे कारण नाही. ठोके मी जमवीन. भूमिती जमवली, हे तर दार आहे. तुला फक्त माहिती असावी म्हणून लिहिले. तू एरवी काळे कपडे घालून येतेस आणि अंत्यविधीनंतरचे जेवण झाले की बस धरतेस, त्यामुळे आनंदाची बातमी पोचवायची तर पत्रच हवे.

तुझी मोठी बहीण,
ओझेला

ता. क. माझ्याकडची रेकॉर्ड दुसऱ्या बाजूला झिजली आहे, बरोबर तू एकटी गातेस त्या जागी. सुई खराब असावी.

आणखी एक. तुझ्या खोलीतले शिवणयंत्र मी हलवले आहे. ते तसेही मध्ये येत होते. पलंगावर निळी गोधडी टाकली आहे, आणि बस स्टेशनवर आदल्या दिवशी, शुक्रवारी, मी स्वतः येईन, कारण लिनवुड गाडी फार सावकाश चालवतो.

शेवटचे. गायला नाही जमले तरी चालेल, नुसती आत उभी राहा. म्हणजे मला ठोठावता येईल. आणि या वेळी गाणे संपले की दार तू उघड, मी जिन्यातच असेन.