बूट छान काढलेस

प्रिय ग्वेंडा,

हे पत्र मी टपालात टाकणार नाही, म्हणून खरं लिहिते. "नोकरी सोड आणि आपल्या आईकडे बघ, नाहीतरी पोरंच सांभाळतेस," असं तू फोनवर म्हणालीस. पोरं सांभाळत नाही गं. परीक्षा देऊन, प्रमाणपत्र घेऊन स्वमग्न मुलांना शिकवते. आज चार वर्षांचा कॉर्बिन माझ्या दंडाला कडकडून चावला. अशा वेळी चेहऱ्यावरची रेषही हलू द्यायची नाही, हा आमचा नियम. मग त्यानं बुटात पाय घातला की लगेच, नेमकं कशाचं ते सांगून कौतुक करायचं: "बूट छान घातलास!"

ही सवय घरीही सुटत नाही. संध्याकाळी आईला सूप देताना बोलून गेले, "चमचा छान धरलास, आई."

"मी काय पाळलेलं कुत्रं आहे?"

मी बूट काढले, बाही वर केली. दंडावरचे दातांचे वळ ती बघत राहिली. मग माझ्याच त्या गोड सुरात म्हणाली, "बूट छान काढलेस, नोरीन."

टिंगलच होती ती. तरी मी तिथेच जमिनीवर बसून रडले. वर्षभरात मला कुणी छान म्हटलंच नव्हतं. तूसुद्धा.

दमलेली,
नोरीन