शिडीवरचा माणूस

दि. ९ फेब्रुवारी

तीर्थरूप आईस,
शि. सा. न. पत्राला उशीर झाला, म्हणून एक नमस्कार जास्तीचा.

माझी तब्येत ठणठणीत आहे. बूट तेवढे फाटलेत. खोली मिळालीय ती एका बेकरीच्या वर, त्यामुळे फरशी गरम आणि पोट रिकामं. घरमालकीण रोज जिन्यात माझ्या केसांना नावं ठेवते, अगदी तुझ्यासारखी. असो. मी सांगत होतो ते काम. पाट्या रंगवणाऱ्या एका म्हाताऱ्या पेंटरकाकांकडे लागलोय. ते शिडीवर चढून अक्षरं आखतात आणि रंगवतात, मी खाली रंग कालवून डबे वर देतो. या कामात पूर्वीपासून अशी जोडीच असते म्हणे.

काल जेवणाच्या सुट्टीत मी फुशारकीने आपल्या घरची गोष्ट सांगितली. आजोबांच्या औषधांच्या दुकानाची पाटी, शिडीवर बाबा, वरच्या खिडकीत तू, आणि बाबांचं एकच अक्षर दिवसभर चाललेलं. शेवटी आजोबा खालून ओरडतात. तर आई, आजोबांचं वाक्य मी म्हणायच्या आत काकांनीच पुरं केलं, की बाबा रे, पाटी रंगवतोयस की खिडकी. मग डबा झाकून त्यांनी खरं काय ते सांगितलं.

शिडीवर ते होते. बाबा खाली रंग कालवत होते. आणि मी मूर्ख, घरातला दिवा बदलायलासुद्धा बाबा स्टुलावर चढत नाहीत, तू चढतेस, हे रोज बघूनही डोक्यात प्रकाश पडला नाही! काकांना त्यांच्या आईच्या आजारपणामुळे घाईने गावी जावं लागलं. जाताना त्यांनी बाबांना सांगितलं, की तिला म्हणावं थांब, मी येतोच. परत आले तेव्हा तुमचं लग्न झालेलं होतं. तिला थांबायचं नव्हतं, त्याला कोण काय करणार, एवढंच काका म्हणाले आणि पुन्हा शिडी चढले.

म्हणजे तू थांबली नाहीस, बाबांनी दुसऱ्याची गोष्ट आपल्या नावावर केली, आणि तू शेजारी बसून हसत राहिलीस. ती गोष्ट ऐकून मी हा धंदा शोधत घराबाहेर पडलो, आई. तुम्ही दोघांनी मिळून आम्हाला फसवलंत. ताईच्या लग्नात बाबा ती पुन्हा सांगणार, म्हणून मी येणार नाही.

राग असला तरी लोभ आहे, तो तूही ठेव.
तुझा भटक्या

दि. २० फेब्रुवारी

चि. भटक्यास,
अनेक आशीर्वाद. आधी बूट घे, मग राग कर.

शिडीवर तुझे बाबा नव्हते, हे मला ठाऊक होतं. खिडकीत मीच होते ना! लग्नानंतर पाहुण्यांसमोर त्यांनी पहिल्यांदा ती गोष्ट स्वतःवर घेतली, तेव्हा मी कप हातात धरून बघतच राहिले. सांगताना ते घामाघूम झाले होते. दया आली, हसूही आलं. जो गेला तो गेला, हा माणूस माझ्यासाठी निदान गोष्टीत तरी शिडी चढतोय, तर चढू दे म्हटलं. तेवढी लबाडी माझी.

पण तू लिहिलेला निरोप मला कधी मिळालाच नाही. तुझ्या बाबांनी येऊन सांगितलं होतं की त्याचं गावी लग्न ठरलंय, आणि यापुढे खिडकीत उभी राहू नकोस म्हणालाय. मी खिडकी लावून घेतली. मग काही ना काही निमित्ताने ते येत राहिले, माझी समजूत काढत. त्या मायेवरच माझं मन बसलं रे. ज्याने घाव घातला तोच फुंकर घालत होता, हे तुझ्या पत्रातून कळलं.

पत्र घेऊन तशीच आपल्या रंगाच्या दुकानात गेले. गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबले, मग विचारलं. आधी म्हणाले, कोण तो, कसला निरोप. मग म्हणाले, इतक्या वर्षांत तुला काही कमी केलं का. नाही केलं. कमी केलं असतंत तर आज सोपं गेलं असतं, एवढं बोलून मी घरी आले. ताईला सगळं सांगितलंय. लग्नात ती गोष्ट होणार नाही, तेव्हा तू ये.

येण्याआधी एक कर. काकांना सांग की तिला निरोप उलटा मिळाला, नाहीतर ती थांबली असती. बाकी काही नको, भेटही नको. पण मी थांबले नाही असं मनात धरून तो म्हातारा झाला, हे मला सोसत नाही.

हे पत्र न चिकटवता तुझ्या बाबांच्या हातात देते आहे. वाचा आणि टपालात टाका म्हणून सांगणार आहे.

तुझ्यावरचा लोभ जिथल्या तिथे आहे.
तुझी आई

ता. क. आईने लिहिलंय ते खरं आहे. मी काही खोडलेलं नाही. साधं टपाल गहाळ होतं, म्हणून रजिस्टर करतो आहे.
बाबा