पॅनवरून गेटवर

१२ जानेवारी १९९९, मंगळवार
अध्यक्षांचा वाढदिवस. एरवी पेढे वाटतात, यंदा कुणीतरी त्यांच्या डोक्यात रक्तदान भरवलं. टाइम ऑफिसातून तोंडी निरोप, जो रक्त देणार नाही त्याचं पुढं बघू. पुढं काय बघणार ते कुणी विचारलं नाही, सगळे गेले. मीही दुपारच्या पाळीआधी जाऊन आडवा झालो. केळं, बिस्किटं, नारिंगी सरबत.
रज्जाकभाई शेजारच्या खाटेवरून म्हणाला, "वैजनाथभाऊ, ऊस पिळून भागंना, आता आपल्याला पिळायलेत."
मी वर पॅनमध्ये साखर शिजवतो, तो खाली मशीनवर साखर आणि मळी वेगळी काढतो. कारखाना उभा राहिला तेव्हापासून हे असंच. वरून मी काय सोडलं ते तो खाली दाणा बघून ओळखतो.
रक्त देणाऱ्यांना प्रमाणपत्र आणि स्टीलचा डबा मिळणार आहे. २६ तारखेला, झेंडावंदनानंतर.

२१ जानेवारी
लेबर ऑफिसरनं बोलावलं. दार लावून घेतलं. पोरगा पुण्याकडचा आहे, दोन वर्षं झाली इथं. टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिला. म्हणाला, रक्तपेढीकडून निरोप आहे, तुमचं रक्त ठेवून घेतलं नाही, अंबाजोगाईला जाऊन परत तपासून घ्या. कशासाठी ते म्हणाला नाही. मग म्हणाला. इंग्रजीत, हळू, तीनच अक्षरं.
"वैजनाथराव, मी कुणाला बोललेलो नाही."
दार उघडलं तर बाहेर शिपाई चहा घेऊन उभा. चहा गार झालेला होता.
परत पॅनवर गेलो. माल तयार व्हायला आला होता, मध्येच कसा सोडणार. नमुना काढून अंगठ्यात आणि बोटात धरून पाहिला. दाणा चांगला बसला होता.

२६ जानेवारी
झेंडावंदन. मग खातेवार नावं पुकारली. पॅन हाऊसची सगळी पोरं एकेक करून डबा घेऊन आली. माझं नाव आलंच नाही.
लेबर ऑफिसरचा हिशेब सरळ होता. रक्त घेतलं नाही, म्हणजे दान झालं नाही, म्हणजे डबा नाही. नियमानं बरोबर. पण रक्त तर सगळ्यांनी दिलेलं, सगळ्यांदेखत. मग एकट्या पॅनवाल्याचा डबा का नाही, एवढं कोडं सोडवायला कारखान्यात सगळे हुशार आहेत.
एकानं विचारलंच, "मामा, तुमचा डबा कुठंय?" मी म्हणालो, संपले असतील. शेजारच्यानं त्याला कोपरानं ढोसलं. म्हणजे शिपायानं आधीच काम केलं होतं.
स्टीलचा एक डबा. तो हातात दिला असता तर माझी गोष्ट माझ्यापाशी राहिली असती. राग आला आहे. कुणावर काढू ते कळत नाही.

१० फेब्रुवारी
अंबाजोगाईचा रिपोर्ट. तेच आहे. डॉक्टर बरे होते. म्हणाले, तब्येत आज ठीक आहे, काम करा, नीट खा, खोकला आला तर अंगावर काढू नका. औषध आहे का विचारलं. आहे म्हणाले, पण ते आपल्या खिशाला झेपणारं नाही असं त्यांच्या तोंडावरच दिसलं.
बायकोला, मंगललाही नेलं होतं, तिचीही तपासणी केली. तिला काही नाही. देवा वैजनाथा.
तिला बसस्टँडवर सगळं सांगितलं. तिनं एकदाच विचारलं, "कुठून?" तेही सांगितलं. मग पिशवी उचलून म्हणाली, "चला, गाडी लागली."

१९ फेब्रुवारी
पॅनवरून काढलं. "काढलं" म्हणायचं नाही, "हलकं काम दिलं" म्हणायचं.
लेबर ऑफिसर: "तुमच्या तब्येतीसाठीच आहे हो."
मी: "तब्येत बरी हाय माझी."
तो खाली बघून म्हणाला, "तुमचा हात मालात जातो, अशी तक्रार आहे."
जातो. पॅनमनचा हात नाही जाणार तर कुणाचा जाणार. बोटात धरल्याशिवाय दाणा कळत नाही. माझ्या अंगठ्याचं आणि पहिल्या बोटाचं नख मी कायम मुळापासून कापतो, मंगल हसायची त्याला. डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं, की हात लावल्यानं काही होत नाही. तो म्हणाला, "मला माहीत आहे. लोकांना कोण सांगणार?"
तू सांग की. तुझा पगार त्याचाच आहे. हे मनात. तोंडानं "बरं" म्हणालो.
उद्यापासून गेटवर. उसाच्या गाड्यांना टोकन द्यायचं.

८ मार्च
पॅन हाऊसमध्ये सात-आठ माणसांशी संबंध यायचा. गेटवर दिवसभरात किती बैलगाड्या, किती ट्रॅक्टर येतात, मोजदाद नाही. माणसांपासून लांब ठेवायला मला सगळ्या माजलगाव भागाच्या तोंडावर आणून बसवलंय. असली अक्कल आमच्याच ऑफिसात निघते.
टोकन हातात द्यायचं नाही, टेबलावर ठेवायचं, असं सिक्युरिटीवाल्यानं सांगितलं. त्यानं स्वतःची खुर्ची दाराबाहेर नेली आहे. उन्हात बसतो बिचारा.

२७ मार्च
रज्जाकभाई आला. माझ्यासाठी वेगळा कप आणला होता, कॅन्टीनवाल्यानं दिलेला, कान तुटलेला. त्यालाच लाज वाटत होती. मी चहा प्यालो. मंगलनं दिलेली धपाटी पुढं केली, तर घेतली नाही.
"घरवाली लई घाबरती, भाऊ. मला काय न्हाई. पण तिनं शपथ घातलीय."
मी म्हणालो, खरं सांगितलंस, बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. बाकीचे पोट भरल्याचं सांगतात.
जाताना म्हणाला, "दाणा बारीक यायलाय आता. पण कुणी कायबी बोलत न्हाई."

१४ एप्रिल
पट्टा पडला. हंगाम संपला. दर वर्षी शेवटचा पॅन सोडला की सगळे हातावर साखर घेतात, मोठा पॅनमन वाटतो. म्हणजे मी वाटायचो. आज गेटवरून भोंगा ऐकला आणि घरी आलो.
मंगलनं विचारलं, साखर आणली का? सवयीनं विचारलं तिनं.

६ जून
सुनी सुट्टीला घरी. अंबाजोगाईच्या वसतिगृहात राहते, डी.एड.चं शेवटचं वर्ष राहिलंय. तिला सांगायचं ठरवून तीन वेळा घसा खाकरला. शेवटी तीच म्हणाली, "बाबा, मला माहिताय. कॉलनीतल्या पोरींनी मार्चमदीच सांगितलं."
मार्चपासून ती पत्रात तब्येत विचारत होती. मी आपला लिहायचो, इकडे सर्व क्षेम.
ती रडली. मला नाही आलं रडू. बाहेर जाऊन नुसता उभा राहिलो.

२ नोव्हेंबर
नवा हंगाम. मोळी टाकली. मला मांडवात मागच्या रांगेत जागा, माझ्या दोन्ही बाजूच्या खुर्च्या रिकाम्या. हात पाय पसरून बसलो, काय करता. मंगलची तपासणी परत झाली, काही नाही. माझं वजन उतरलंय. खोकला नाही.
पॅनवर परत घ्या म्हणून तोंडी चौथ्यांदा सांगून आलो. "बघू." पलीकडच्या तालुक्यात खासगी कारखाना येतोय म्हणतात, तिथं तरी पॅनमन लागेल. पण अशी बातमी माणसाच्या आधी पोचते.

१५ डिसेंबर
लेबर ऑफिसर औरंगाबादला एका शिबिराला गेला होता. तिथून वेगळाच माणूस होऊन आला आहे. सोबत जेवल्यानं होत नाही, हात मिळवल्यानं होत नाही, कामावरून हलवू नका, असं मोठं रंगीत पोस्टर आणलं. एकच होतं. ते कुठं लावलं? माझ्या गेटच्या केबिनवर. बाहेरून.
आता ज्या गाडीवानांना माहीत नव्हतं त्यांनाही कळलं. एक म्हातारा वाचता येत नाही म्हणून मलाच विचारत होता, काय लिवलंय. वाचून दाखवलं. म्हणाला, "मग टोकन हातात का देईना तू?" दिलं. घेऊन गेला. दिवस त्याच्यावर निघाला.

११ जानेवारी २०००
लेबर ऑफिसर स्वतः केबिनमध्ये आला, खुर्चीत बसला. माझ्या तांब्यातलं पाणी प्याला. मुद्दाम प्याला, पण प्याला.
योजना अशी: २६ जानेवारीला अध्यक्ष मला स्टेजवर बोलावणार, मागच्या वर्षीचा डबा देणार, माझ्या हातचा पेढा खाणार, आणि मला पॅनवर परत घेतल्याचं जाहीर करणार. पेपरवाले येणार.
"ऑर्डर आधी द्या, साहेब."
"घोषणा अध्यक्षांना करायची आहे."
"बरं, मग नाव नगं. फोटो पाठमोरा काढा."
"पाठमोरा? मग अध्यक्ष कुणाला डबा देतायत ते कसं दिसणार?"
तो वाईट माणूस नाही. ह्याचाच मला थकवा येतो. वाईट असता तर सरळ भांडलो असतो.
म्हणाला, तुम्ही स्टेजवर गेलात तर तुमच्या मागे अजून कुणी असेल त्याला तरी हलवणार नाहीत. हे खरं आहे. मीच एकटा असेन असं नाही.

१७ जानेवारी
परळीहून मंगलचा भाऊ आला. त्याचं किराणा दुकान आहे, ओळखी पुष्कळ. सुनीला स्थळ आणलंय, माजलगावचं, शेती पाण्याखालची, मुलगा शिक्षक. ३० तारखेला बघायला येणार. त्यांना माझ्याबद्दल एवढंच सांगितलंय की पोटाचा त्रास आहे.
स्टेजचं सांगितलं तर उठूनच उभा राहिला. "दाजी, त्यानंतर चार दिवसांत पोरीचं ठरायलंय अन् तुमी पेपरात फोटो देता? डबा पायजे तर मी धा देतो दुकानातले."
मंगल चहा करत होती. पाठ करूनच म्हणाली, "डब्याचं न्हाई ते, दादा."

२३ जानेवारी
रज्जाकभाईला विचारलं. म्हणाला, "मी काय सांगू. तू वर असलास तर मला खाली काम गोड लागतं, एवढंच." मग पहिल्यांदाच माझ्या डब्यातली अर्धी धपाटी मोडून घेतली. घरी सांगू नको म्हणाला. मी कशाला सांगतो.
तरी ठरत नाही. पॅन पाहिजे. फार पाहिजे. गेटवर बसून मी मरायच्या आधीच मेल्यासारखा झालोय, हे इथंच लिहितो, कुणाला बोलत नाही. आणि सुनी

२५ जानेवारी
सुनी संध्याकाळी आली. तिला दोन्ही सांगितलं, स्टेज आणि स्थळ. वाटलं, ती एक काहीतरी म्हणेल आणि मी सुटेन.
म्हणाली, "माझ्यावर नका टाकू, बाबा. तुमी न्हाई गेलात तर जन्मभर वाटंल माझ्यामुळं राहिलं. गेलात तर मामा म्हणतील तुमच्यामुळं माझं मोडलं. तुमाला पॅनवर जायचंय का, तेवढंच सांगा."
तिला सगळं ठाऊक असल्यागत ती भांडी घासायला गेली.

२६ जानेवारी, सकाळ
मंगलनं पांढरा शर्ट काढून ठेवलाय. लेबर ऑफिसरची जीप कॉलनीच्या फाटकाशी येऊन थांबली आहे, इथून दिसते. सुनी वेणी घालून तयार. मी येते, मागं बसते, म्हणाली.
झेंडावंदनाला तर जायचंच आहे, दर वर्षी जातो. नाव पुकारल्यावर उठायचं का, ते अजून
गेटवर वर्षभरात नखं वाढली होती. आत्ता लिहिता लिहिता पाहिलं, उजव्या अंगठ्याचं आणि पहिल्या बोटाचं कापून झालंय. बाकीची तशीच आहेत.