विहिरीचा दुसरा भाग

३ मार्च, रविवार
पुन्हा तेच! आमच्या चित्रपट मंडळाच्या सिनेमाला आज माझ्या घरी दोनच माणसं. प्राध्यापक आणि चष्मेवाला. मला धरून तीन. प्राध्यापक म्हणाले, "गर्दी झाली की दर्जा जातो." मग आपला दर्जा आभाळाला टेकला म्हणायचा!

बाहेरच्या खोलीत ताईची मालिका जोरात. दोन वर्षांपूर्वी भावोजी गेल्यापासून ती माझ्याकडे असते, आणि रोज सातच्या ठोक्याला ही मालिका. सगळं गाव पाहतं म्हणे. "ये रे, बस जरा," म्हणाली. मी म्हटलं, "तेवढं डोकं अजून फिरलं नाही माझं." उगाच बोललो.

५ मार्च
परदेशातून मागवलेल्या सिनेमाच्या तबकड्या आल्या!! चार महिने ताटकळत ठेवलं. विहीर खणणाऱ्या माणसाचा मूकपट, दोन भागांत. मधल्या मजकुराच्या पाट्या कुठल्या भाषेत आहेत देव जाणे. आपल्या देशात कोणी पाहिला नसणार — पैजेवर सांगतो.

बांधणीच्या कारखान्यात दिवसभर हात पुस्तकांवर, जीव घरी. खळ लावणाऱ्या बाईंना सांगितलं. "गाणी आहेत का हो त्यात?" म्हणाल्या. संपलं! आपल्याला आवडलेलं सांगायला एक माणूस असू नये? एक?

७ मार्च
एकट्याने पाहिला. काय धाडस! अर्ध्यावरच म्हातारा मरतो, विहीर काठोकाठ. मग तोच तरुण होऊन माळावर कुदळ घेऊन उभा! ढसाढसा रडलो. ताई चहा ठेवून गेली. नेहमीसारखा गार ढोण. लक्ष सगळं मालिकेत, दुसरं काय!

१० मार्च, रविवार
मंडळात दाखवला. प्राध्यापक खुर्चीतून उठून उभे राहिले. मग म्हणाले, "काळाचं असं विघटन मी आयुष्यात पाहिलं नाही." चष्मेवाला चष्मा पुसत राहिला. जन्म सार्थकी लागला!

दोघं गेल्यावर ताई कपबशा उचलता उचलता म्हणाली, "अरे, विहीर आधी भरते आणि मग खणतात होय? उलट्या लावल्यास तबकड्या. गुरुवारीच सांगणार होते, पण तू रडत होतास."

नीट पाहिलं. मधल्या भोकाशी बारीक आकडे. एक आणि दोन. मी आधी दोन लावली होती.

तीस वर्षं पुस्तकांचे फर्मे, म्हणजे छापील पानांचे गठ्ठे, क्रमाने लावून पोट भरतोय मी!

११ मार्च
सरळ लावून पाहिला. माणूस खणतो, पाणी लागतं, म्हातारा होतो, मरतो. बस्स. शेंबड्या पोरालाही कळेल. आणि मेलं मला हे जास्त आवडलं! पण सांगणार कोणाला? मंडळात तोंड उघडायची सोय नाही.

१४ मार्च
प्राध्यापकांनी 'काळाचं विघटन' या विषयावर चाळीस पानं लिहून, छापून आणली. बांधायला माझ्याकडेच. बांधून दिली. क्रमाने.

१६ मार्च, शनिवार
ताई मुलीकडे राहायला गेली. आता तिथेच. रिक्षात बसताना म्हणाली, "सुटलास बाबा माझ्या मालिकेतून." मी हसलो. घर शांत. हेच तर हवं होतं!

१७ मार्च
मंडळाला दांडी मारली. डोकं दुखतंय म्हणून कळवलं.

१८ मार्च
सात वाजले. घर खायला उठलं. शेवटी मीच मालिका लावली. ओ की ठो कळेना. ताईला फोन केला — ही निळ्या कपड्यातली कोण गं?

"मला काय ठाऊक! मी कुठे पाहत होते? तू येऊन बसशील म्हणून लावायचे. नाही आलास की चहा घेऊन तुझ्या दाराआड उभी राहायचे. दोन वर्षांत एक सिनेमा चुकवला नाही तुझा."

मग म्हणाली, "चहा गार कसा व्हायचा, वाटलं तुला?"